वाचक विचारतात: बाबा बॉम्बर उडवायचे, एवढंच माहीत होतं

प्रश्न: नमस्कार ताई, माझे बाबा एअर फोर्समध्ये पायलट होते, कॅनबेरा नावाचं बॉम्बर विमान उडवायचे, आणि ६५ आणि ७१ च्या दोन्ही लढायांत होते, एवढं आम्हाला लहानपणापासून माहीत आहे पण त्यापलीकडे अक्षरशः काही नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, ड्यूटी होती, केली. गेल्या वर्षी ते गेले आणि आता कपाट आवरताना त्यांचं जाड निळं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, सापडलं, सोबत पदकांचा डबा आणि थोडे फोटो. डिसेंबर ७१ च्या पानावर लाल शाईतल्या ओळी आहेत, एका ओळीत फक्त "ऑप्स. मसरूर" आणि पुढे तीन तास पाच मिनिटं. सप्टेंबर ६५ च्या पानावर तसंच "मौरीपूर". शेजारच्या रकान्यात ७१ च्या सगळ्या ओळींत एकच आडनाव आहे जे आम्ही घरात कधीच ऐकलं नाही. आईला विचारलं तर ती म्हणते नको तो विषय. भाऊ म्हणतो त्यांना सांगायचं असतं तर सांगितलं असतं ना, कशाला खणतेस. मला मात्र राहवत नाहीये. कुठून सुरुवात करू, आणि खरं सांगायचं तर भीती पण वाटते की बाबांच्या बॉम्बनी कोण मेलं असेल, ते कळलं तर मी काय करू?
— एक मुलगी, सांगली

उत्तर: तुझं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते, कारण माझे वडीलही वायुदलात होते, पायलट नाही, ग्राउंड क्रूमध्ये, विमानाला बॉम्ब लावणाऱ्यांत. त्यांच्याकडून एवढं ऐकलंय की रात्री विमान गेलं की ते परत येईपर्यंत खाली कोणी झोपायचं नाही. म्हणून तुझ्या बाबांच्या त्या तीन तास पाच मिनिटांकडे मी फक्त आकडा म्हणून बघू शकत नाही.

आधी लॉगबुक. ते घाईघाईनं चाळू नकोस, आणि त्याहीआधी प्रत्येक पान नीट उजेडात स्कॅन कर, कोरी पानं आणि आतले चिकटवलेले कागदसुद्धा, कारण दर महिन्याच्या शेवटी फ्लाइट कमांडर आणि सीओ (स्क्वाड्रनचे, म्हणजे विमानांच्या तुकडीचे प्रमुख) सही करायचे आणि त्या सह्यांवरूनच स्क्वाड्रन कुठली ते नक्की होतं. "ऑप्स" म्हणजे ऑपरेशन्स, लढाईची कामगिरी, आणि लाल शाई म्हणजे रात्रीचं उड्डाण, ही ब्रिटिशांच्या काळापासूनची पद्धत. तारखेच्या शेजारी विमानाचा प्रकार आणि नंबर असतो, आपल्या कॅनबेरांचे नंबर आयएफनं सुरू व्हायचे, तो नंबर वेगळा उतरवून ठेव कारण एकेका विमानाचा इतिहास लोकांनी जमवून ठेवलाय, कधी आलं, कुठे मोडलं, शेवटी कुठे गेलं, सगळं.

मौरीपूर आणि मसरूर या दोन वेगळ्या जागा नाहीत हं. कराचीच्या बाहेरचा हा एकच विमानतळ. ६५ मध्ये त्याला मौरीपूर म्हणायचे आणि १९६७ मध्ये बी-५७ बॉम्बर विमानाच्या अपघातात गेलेल्या पाकिस्तानी वायुदलाच्या एअर कमोडोर मसरूर हुसेन यांचं नाव नंतर त्याला दिलं. म्हणजे तुझे बाबा सहा वर्षांच्या अंतरानं एकाच जागेवर दोनदा गेले होते, आणि दुसऱ्यांदा जाताना तिथे काय वाट बघतंय याची त्यांना पुरती कल्पना असणार. अजून एक गोष्ट सांगते जी मला फार विचित्र वाटते, ते बी-५७ म्हणजे कॅनबेराच, ब्रिटिश डिझाइन अमेरिकेत बांधलेलं. रात्री आपली पोरं ज्या विमानातून तिकडे जायची त्याच विमानाच्या भावंडातून तिकडची पोरं इकडे यायची.

आता त्या आडनावाचं. ते बहुधा बाबांच्या नॅव्हिगेटरचं, म्हणजे विमानात सोबत बसून वाट दाखवणाऱ्याचं. माझ्या मते तुझ्या सगळ्या शोधातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती आहे, पदकं नाही, सरकारी फाइल नाही. कॅनबेराच्या आपल्या बॉम्बर मॉडेलमध्ये दोनच माणसं असायची. पायलट वर, काचेच्या घुमटाखाली, तोही मधोमध नाही तर डावीकडे सरकवलेला, आणि नॅव्हिगेटर त्याच्या खाली पुढे विमानाच्या नाकात. वाट दाखवायची त्यानं, बॉम्ब सोडायचा क्षण सांगायचा त्यानं, त्यासाठी नाकाच्या टोकाशी पालथं झोपून काचेतून खाली बघायचं. आणि ऐक, पायलटला इजेक्शन सीट (माणसासकट विमानाबाहेर फेकली जाणारी) होती, नॅव्हिगेटरला नव्हती. विमान पेटलं तर पायलटनं हँडल ओढायचं आणि नॅव्हिगेटरनं छातीवर पॅराशूट अडकवून बाजूच्या दारापर्यंत सरपटत जाऊन उडी मारायची, खाली जमीन दोनशे-तीनशे फुटांवर असेल तर कसली उडी. २१ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे पाकिस्तानातल्या सरगोध्याहून परतणारी आपली एक कॅनबेरा पाकिस्तानी एफ-१०४ लढाऊ विमानानं पाडली, पायलट वाचला आणि कैद झाला, नॅव्हिगेटर गेला. ही बातमी तेव्हा प्रत्येक कॅनबेरावाल्याला माहीत होती. तुझे बाबा ७१ मध्ये दर रात्री ज्या माणसाला सोबत घेऊन निघत होते त्याला सीट नाही हे डोक्यात ठेवून निघत होते. ते का बोलले नाहीत याचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण हे माहीत असल्याशिवाय तू त्या गप्पपणाचा अर्थ लावू नकोस.

म्हणून त्या आडनावाचा माणूस शोध. ते असले तर पंच्याऐंशीच्या आसपास असतील, नसले तर त्यांच्या घरी त्यांचं लॉगबुक असेल आणि त्यातल्या त्याच तारखांच्या ओळीत तुझ्या बाबांचं नाव असेल. वाट बघू नकोस, पत्र-अर्ज यांची उत्तरं यायला महिने लागतात आणि या वयातल्या माणसांकडे तेवढे महिने असतीलच असं नाही, तेव्हा हे काम पहिलं. कसं शोधायचं, तर बाबांचा कोर्स कुठला ते आईला विचार, एनडीएचा किंवा फ्लाइंगचा, तेवढं तिला नक्की आठवेल. फौजेत कोर्समेट हे नातं सख्ख्या भावासारखं असतं, प्रत्येक कोर्सचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, एका कोर्समेटच्या मुलाचा फोन मिळाला की संध्याकाळपर्यंत दहा फोन येतात. कॅनबेरावाले तर आणखी घट्ट, कारण जवळजवळ सगळे आग्र्याच्या कन्व्हर्शन युनिटमधून, म्हणजे हे विमान शिकवणाऱ्या युनिटमधून, गेलेले. एअर फोर्स असोसिएशनची शाखा पुण्यात आहे, तिथेही विचार. भारत रक्षक नावाची वेबसाइट आहे, तिच्यावर वायुदलातल्या अधिकाऱ्यांची नावं, सर्व्हिस नंबर, स्क्वाड्रन असं खूप काही जमवलेलं आहे, तिथे सर्व्हिस नंबरापुढे एफ पी दिसलं तर पायलट, एफ एन दिसलं तर नॅव्हिगेटर, एकाच आडनावाचे तीन-चार निघाले तर यानं चाळता येतात.

फोन लागला तर पहिल्याच वाक्यात मसरूर म्हणू नकोस. मी अमुकची मुलगी, बाबा गेल्या वर्षी गेले, तुमचं नाव त्यांच्या लॉगबुकात आहे, एवढंच सांग आणि गप्प राहा. पुढचं ते सांगतील. रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून कर.

आईबद्दल. ती नको म्हणते तेव्हा तिला बाबांचं युद्ध विचारू नकोस, तिचं विचार. डिसेंबर ७१ मध्ये ती कुठे होती, क्वार्टरमध्ये का माहेरी, खिडक्यांना काळे कागद कोणी लावले, रात्री विमानांचा आवाज आला की शेजारपाजारच्या बायका काय करायच्या, सकाळी कोण परत आलं हे त्यांना कसं कळायचं. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि त्याच रात्री कॅनबेरा निघाल्या, दत्तजयंती नुकतीच होऊन गेलेली म्हणजे आभाळात चांदणंही भरपूर, असं काहीतरी तारखेला धरून बोललीस तर बायकांना आठवतं, मी हे पुष्कळ घरांत बघितलंय. फोटोंचा डबा घेऊन तिच्याशेजारी बस, एकेक फोटोत कोण कोण आहे ते तिच्याकडून लिहून घे. आणि तरी ती नाही म्हणाली तर मात्र सोड, तिचा तो हक्क आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. ते अधिकारी होते म्हणून त्यांच्या नोकरीची फाइल दिल्लीला वायुसेना मुख्यालयाकडे, एअरमनची (अधिकारी नसलेल्यांची) असती तर सुब्रतो पार्कच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. पेन्शनच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) त्यांचा सर्व्हिस नंबर असेल, तो प्रत्येक अर्जात लिही, सोबत मृत्यूचा दाखला आणि तू मुलगी असल्याचा पुरावा जोड. आईच्या सहीनं अर्ज गेला तर जास्त बरं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ये, सांगलीत आहे, ते लोक अर्ज नीट लिहून घ्यायला मदत करतात. सेवेचा गोषवारा, म्हणजे कुठली पोस्टिंग कधी, एवढं साध्या पत्रावर मागता येतं. स्क्वाड्रनची रोजनिशी असते तिला फॉर्म ५४० म्हणतात, त्यातला डिसेंबर ७१ चा भाग हवा असेल तर माहिती अधिकारात माग, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि अर्जात कलम ८(३) चा उल्लेख कर कारण २० वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती नाकारायला फारच थोडी कारणं उरतात. देशाची सुरक्षा हे कारण मात्र उरतं, म्हणून "सगळं द्या" असं न लिहिता स्क्वाड्रन, महिना आणि बाबांचं नाव असलेल्या नोंदी एवढंच माग. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं धोरणही जाहीर केलंय की जुने युद्धविषयक कागद साधारण २५ वर्षांनी खुले करायचे, त्याचाही हवाला दे. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये लष्करी इतिहासाचं संशोधन केंद्र आहे, तिथली माणसं अशा घरगुती शोधाला मनापासून उत्तर देतात.

पदकांचा डबा उघडलास की कडेवर भिंगातून बघ, नंबर आणि नाव कोरलेलं असतं. समर सेवा स्टार असेल तर ६५ मध्ये प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात काम केलेलं, पश्चिमी स्टार म्हणजे ७१ ची पश्चिम आघाडी, पूर्वी स्टार म्हणजे पूर्वेची. रक्षा मेडल आणि संग्राम मेडल त्या त्या वर्षी खूप जणांना मिळाली. रिबनवर छोटं कमळाचं पान लावलेलं दिसलं तर थांब, त्याचा अर्थ त्यांचं नाव डिस्पॅचमध्ये, म्हणजे वरिष्ठांच्या युद्ध-अहवालात कौतुकानं, गेलं होतं, आणि मग भारत सरकारच्या गॅझेटमध्ये ते छापलेलं सापडेल. पॉलिश करू नकोस प्लीज, घासून घासून अक्षरं जातात.

आता तुझी भीती. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं सांगणार नाही. कॅनबेरांना दिलेली टार्गेट्स मुख्यतः विमानतळ, धावपट्ट्या, रडार, तेलाच्या टाक्या अशी होती, २१ सप्टेंबर ६५ ला पाकिस्तानातल्या बदीनचं रडार कॅनबेरांनीच गाठलं. रात्री जमिनीला चिकटून जायचं, जवळ आल्यावर वर चढायचं, कधी पुढचं विमान उजेडाचे फ्लेअर टाकायचं आणि त्या उजेडात मागच्यांनी बॉम्ब सोडायचे, आणि लगेच वळून परत, खालून तोफा चालू. अशा वेळी पायलटला दिसतात ते फक्त झगझगाट. बॉम्ब नेमका कुठे पडला हे त्याला दुसऱ्या दिवशी टोही विमानानं फोटो आणले तर कळायचं, ते काम १०६ स्क्वाड्रनचं होतं, ७१ मध्ये तिचे सीओ विंग कमांडर रमेश बेनेगल, ज्यांना महावीरचक्र मिळालं. पण विमानतळावर माणसं काम करतात, गार्ड असतात, फिटर असतात, माझ्या वडिलांसारखे बॉम्ब लावणारे असतात. आणि अंधारात टाकलेला प्रत्येक बॉम्ब धावपट्टीवरच पडला असं कुणीही शपथेवर सांगू शकत नाही. त्यामुळे कोणीतरी मेलं असेल का, तर हो, असेल. कोण, ते तुला बहुधा कधीच कळणार नाही, आणि तुझ्या बाबांनाही कळलं नसेल.

मला वाटतं ते ओझं त्यांनी घरात आणलं नाही हा त्यांचा निर्णय होता आणि भाऊ म्हणतो त्यात तथ्य आहे. पण त्यांनी लॉगबुक जाळलंही नाही. त्यांची इतकी बदली झाली, घरं बदलली, तरी प्रत्येक वेळी ते पुस्तक ट्रंकेत भरलं गेलं, ते त्यांनीच भरलं ना? ज्याला काही कळू द्यायचं नसतं तो माणूस असं करत नाही. तेव्हा खण, पण त्यांना हीरो ठरवायला नको आणि आरोपी ठरवायलाही नको. चोविसाव्या-तिसाव्या वर्षी त्या माणसाला काय करायला सांगितलं होतं आणि त्यानं ते कसं केलं एवढं शोध. भावाला आत्ता पटवत बसू नकोस, नॅव्हिगेटरचा फोन लागला की त्याला शेजारी बसव.

एकदा बंगलोरला जाणं झालं तर एचएएलच्या म्युझियममध्ये कॅनबेरा ठेवलेली आहे ती बघ. नाकाजवळ उभी राहा आणि बाजूचं ते दार केवढंसं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

प्रश्न: ताई, माझे वडील त्याहून जुने, दुसऱ्या महायुद्धात इंडियन एअर फोर्समध्ये होते, व्हेंजन्स नावाचं विमान आणि आराकान एवढंच आम्हा भावंडांना ठाऊक. मी स्वतः आता सत्तरीच्या पुढे आहे. कागद काहीच नाहीत, पुरात गेले. आता काय मिळणार?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: काका, तुम्हाला उलट जास्त मिळेल. व्हल्टी व्हेंजन्स हे दोन माणसांचं अमेरिकन डाइव्ह बॉम्बर, जवळजवळ सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकायचं, आणि आपल्याकडे ते फक्त ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रननी लढाईत वापरलं, १९४३ च्या शेवटापासून ४४ च्या मध्यापर्यंत, आराकान (ब्रह्मदेशाचा किनारी भाग) आणि इंफाळच्या बाजूला जपान्यांच्या विरुद्ध. म्हणजे तुमचा शोध दोन स्क्वाड्रन आणि थोड्या महिन्यांवर आलासुद्धा. त्यानंतर ८ नंबरवाले स्पिटफायरवर गेले आणि ७ नंबरवाले हरिकेनवर, त्यामुळे वडिलांच्या तोंडी यातलं कुठलं नाव यायचं ते आठवून बघा, भावंडांनाही विचारा, त्यावरून स्क्वाड्रन ठरेल.

त्या काळच्या स्क्वाड्रनच्या रोजनिशा लंडनजवळ क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत, एअर २७ नावाच्या मालिकेत, आणि त्यांचा कॅटलॉग घरबसल्या बघता येतो. त्यात फॉर्म ५४० म्हणजे दिवसाची हकीकत आणि फॉर्म ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाण, विमान कुठलं, आत कोण कोण, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं. पुरात कागद गेले तरी ही पानं तिथे आहेत. नातवाला बसवा, तो स्क्वाड्रनचा नंबर आणि वर्ष टाकून शोधून देईल. नाव शोधताना मात्र स्पेलिंग चार प्रकारे करून बघायला सांगा, मराठी आडनावांची इंग्रज कारकुनांनी वाट लावलेली असते, आणि मागच्या सीटवर कोण होतं तेही लिहून घ्या, त्यांचंही घर कुठेतरी असेल.